चांगुणाचा नंबर

जानेवारीतला शेवटचा बुधवार, सकाळचे अकरा. ठिकाण: बदलापूर, आमच्या आरोग्य कार्यालयातली बैठकीची खोली. हजर: तालुक्याचे डॉक्टर; पाड्यावर घरोघर जाणाऱ्या आशाताई रंजना; मयत बाईचा नवरा किसन; आणि टिपण घ्यायला मी. गैरहजर: बाईची नोंदणी करणारी नर्स. तिचं कंत्राट संपलं होतं, ती गावी निघून गेली होती.

त्या बैठकीचं टिपण फाइलला लावलेलं आहे, मागितलं तर वाचायला मिळेल. पण त्यात जे नाही, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? ते मलाही नीट माहीत नाही.

मी नीटनेटकं काम करणारी बाई आहे. फुशारकी म्हणून नाही सांगत, पुढचं कळावं म्हणून सांगते. भाजी आणायची तरी यादी, माहेरी जायचं तरी यादी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि बारवीकडचे पाडे, या सगळ्यांची आरोग्याची माहिती संगणकावर एका जागी आणायचं ठरलं, तेव्हा आराखड्याचं काम माझ्याकडे आलं ते यामुळेच. तोवर कसं चालायचं? गरोदर बाईच्या रक्ताच्या तपासणीत काही वाईट निघालं, की प्रयोगशाळेतून लाल चिठ्ठी निघायची. ती जीपच्या ड्रायव्हरकडे, त्याच्याकडून फाट्यावरच्या चहावाल्याकडे, तिथून आशाताईच्या हातात. कधी चुरगळायची, कधी बिस्किटांच्या बरणीखाली पडून राहायची. मला ते बघवत नसे. मी लाल चिठ्ठी बंद केली. यापुढे निकाल थेट बाईच्या मोबाईलवर जाणार — हे कलम माझं. मोबाईल नंबरचा रकाना सक्तीचा, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही — हेही माझंच.

चिठ्ठी उशिरा का होईना पोचायची, हे तेव्हा कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

पहिल्याच आठवड्यात नर्सचा फोन आला. “मॅडम, हिच्याकडे मोबाईल नाही, नवऱ्याचा नंबर पाठ नाही, आणि तुमचा फॉर्म काही पुढे सरकत नाही. बाहेर लाइन लागलीय. काय टाकू त्यात, माझं कपाळ?”

मला हसू आलं. म्हणाले, “माझा नंबर टाक. तात्पुरता. मग बदलू.”

तात्पुरता — किती सोपा शब्द आहे ना? फॉर्म पुढे सरकला. मग दुसऱ्या पाड्यावरही तसंच झालं, तिसऱ्यावरही. किती बायका माझ्या नंबरावर येऊन बसल्या, मी मोजलं नाही. मी — जी घरातले चमचेसुद्धा मोजते. मेसेज येऊ लागले. कुणाची तपासणी, कुणाच्या गोळ्या, कुणाची तारीख जवळ आलेली. बैठकांमध्ये फोन सारखा टुणटुण करायचा. मी त्या मेसेजचा आवाज बंद केला आणि उघडून बघणंही सोडून दिलं.

त्यातला एक किसनच्या बायकोचा, चांगुणाचा होता. रक्त फार कमी आहे, रक्त चढवावं लागेल, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात या. तो मेसेज माझ्या पर्समध्ये पोचला. मी कुठे होते? नव्या यंत्रणेचं प्रशिक्षण देत होते. चांगुणा पाड्यावरच बाळंत झाली. मुलगी जगली. चांगुणा, रक्त थांबेना म्हणून खाली आणताना, रस्त्यातच गेली.

मृत्यू का झाला हे तपासायला ती बुधवारची बैठक होती. डॉक्टरांनी विचारलं, “मेसेज गेला होता का?” मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ‘पोचला’ — हिरव्या अक्षरांत.

“नंबर कुणाचा आहे?”

इथे मी थोडी थांबते. कारण इतकी वर्षं मी इथेच थांबलेली आहे. माझा, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

“घरचाच असणार, सर,” मी म्हणाले.

किसनने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. बटणांचा, मागचं झाकण पडू नये म्हणून रबर लावलेला. त्याला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. फोनकडे बघत तो म्हणाला, “आला आसंल. मना वाचाया येत नाय.”

“अरे बाबा, येत नाही तर कुणाला तरी दाखवायचा ना!” डॉक्टर म्हणाले.

“तरी मी याला कितींदा सांगितलं, सर!” रंजना त्याच्यावर ओरडली, आणि ओरडता ओरडताच रडायला लागली. “फोन दाखवत जा रे मला, फोन दाखवत जा! ऐकतो का कुणाचं?”

“व्हय,” किसन म्हणाला. “चूक माजीच.”

मी लिहिलं: संदेश पोचला होता; कुटुंबाकडून दुर्लक्ष. माझं अक्षर चांगलं आहे. त्या ओळीतही चांगलंच आलं आहे.

बैठकीनंतर चांगुणाचं यंत्रणेतलं खातं बंद करायला हवं होतं. पण खातं बंद करताना निघणाऱ्या कागदावर नोंदलेला नंबर छापून येतो, आणि त्या कागदावर डॉक्टर सही करतात. नंबर बदलला तर जुना कोणता होता तेही दिसतं. ही सोयसुद्धा मीच मागून घेतली होती, कुणी गडबड करू नये म्हणून. मग मी काय केलं? काहीच नाही. कागदावर चांगुणा मेली. यंत्रणेत जिवंत राहिली.

आता मी आवाज बंद ठेवत नाही. भीती वाटते. मेसेज येतात: नमस्कार चांगुणा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. मुलीच्या लसीची तारीख आली की मी रंजनाला आपलं सहज विचारल्यासारखं विचारते, आणि ती पोरीला टोचून आणते. त्याशिवाय कधीकधी फोनही येतो. आधी ध्वनिमुद्रित केलेला बाईचा आवाज. आम्हीच निवडला होता तो, मायाळू वाटावा म्हणून.

एकदा उल्हासनगरच्या बाजारात पडद्यांचं कापड बघत होते. दोन्ही हातांत कापड, म्हणून फोन गल्ल्याशेजारी ठेवून स्पीकरवर घेतला. “नमस्कार चांगुणाताई. तुमचं बाळ आता सहा महिन्यांचं झालं.” दुकानदार सिंधी काका, ओळखीचे. माझ्या पिकलेल्या केसांकडे बघून हसले. “अरे वाह मॅडम! बधाई हो! इस उमर में?” मुलगा कापड मोजता मोजता फिसकन हसला. मीही हसले. आणि फोनमधला आवाज म्हणाला, “बाळाला वरचं खाणं सुरू केलं का? केलं असेल तर एक दाबा.”

मी एक दाबला.

का दाबला? माहीत नाही. दाबल्याशिवाय तो आवाज थांबत नाही, असं मी मनाला सांगितलं. खोटं आहे ते. फोन ठेवून देता आला असता. कुणीतरी हाक मारली आणि मी ओ दिली, असं ते झालं. “छान, चांगुणाताई,” आवाज म्हणाला. त्यानंतर मी प्रत्येक वेळी दाबत गेले. पालेगावच्या माझ्या घरी, भर दुपारी, कुकर लावता लावता. पुढे आढाव्याच्या बैठकीत डॉक्टरांनी नियमित उत्तर देणाऱ्या मातांची नावं पडद्यावर दाखवली, तर त्यात ती होती. चांगुणा. कुणाच्या लक्षात आलं नाही. रंजना त्या दिवशी आली नव्हती.

किसन मात्र आला. त्यानंतर काही दिवसांनी, कार्यालयाच्या जिन्यात उभा. रंजनाने मला आधीच सांगितलं होतं — तो रस्त्याने जाणाऱ्या माणसांना थांबवतो, फोन पुढे करतो, यात बघा म्हणतो. शाळेतल्या पोरांना, पावाच्या टेम्पोवाल्याला. पाड्यातली माणसं आता त्याला टाळतात. फोन जुना झाला, बॅटरी फुगली, तरी तो बदलत नाही. बदलला तर मेसेज जाईल.

“मॅडम,” तो म्हणाला, “यात बघा ना. तुमी शिकलेल्या. कवा आलता तेवडं सांगा. त्या दिशी मी घरीच होतो का कामाव होतो, तेवडं मना कळाया पायजे.”

मी फोन घेतला. गरम होता, त्याच्या हाताने. मी सगळे मेसेज पाहिले. रिचार्ज संपला, रिचार्ज करा, बक्षीस लागलं. वर जात राहिले, अगदी पहिल्यापर्यंत. काय शोधत होते मी? जे तिथे नाही हे जगात फक्त मला माहीत होतं, ते मी त्याच्यासमोर उभी राहून मन लावून शोधत होते. आणि तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. मी घेतला नाही. तो वाजत राहिला. किसनने पर्सकडे पाहिलं.

“घ्या ना,” तो म्हणाला. “कुनाचा तरी कामाचा आसंल.”

“राहू दे.” त्याचा फोन मी परत दिला. “मेसेज खोडला गेला असेल, किसन. जुने झाले की जातात.”

“जातात?”

“जातात.”

तो जिना उतरून गेला. फोन त्याने रबर लावून परत खिशात ठेवला. नंतर मी पाहिलं, कॉल कुणाचा होता. तुम्ही ओळखलं असेल.

सबबी मी पुष्कळ जमवल्या होत्या. नर्सची घाई, वरून येणारा दबाव, पाड्यावर रेंज नसते. एकही इथे लिहीत नाही. मेसेज माझ्याकडे आला, मी तो पाहिला नाही, आणि ज्याचा काही दोष नव्हता त्याच्यावर मी ठपका ठेवला. आणि अजून तो तिथेच राहू दिला आहे.

पाड्यावर जायला बदलापूरहून रिक्षा मिळते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. किसनला समोर बसवून सांगायचं, की तुझ्या फोनवर काहीच आलेलं नव्हतं. कामांच्या यादीत हे रोज सगळ्यात वर लिहिते. त्याच्या खालची सगळी कामं होतात. ते झालेलं नाही.