नेपाळचा पाव तास

गेल्या हिवाळ्यात आमगावच्या आमच्या विहारातल्या बायांनी बस ठरवून लुंबिनी-कुशीनगरची यात्रा काढली. आईला कमी ऐकू येतं, म्हणून सोबतीला मीही गेले. बसमध्ये शाळेत शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे माझा थोडा तोराही होता.

सीमा ओलांडल्यावर बसवाला उभा राहून हिंदीत काहीतरी सांगू लागला. आईने मला कोपराने ढोसलं.

"काय म्हणून राहिला तो?"

माझ्या कानात इअरफोन होते, गाणी चालू होती. ते न काढताच मी म्हटलं, "काही नाही, सामान सांभाळा म्हणते."

लुंबिनीहून बारा वाजता निघायचं होतं. आई सारखी म्हणत होती, "चाल न वो, बाया वाट पाहत असतील." मी तिला मोबाइलवरची वेळ दाखवायचे आणि फोटो काढत बसायचे. बाराच्या ठोक्याला आम्ही बसपाशी आलो, तर सगळ्या आत बसलेल्या.

"कायले एवढा उशीर, मास्तरीणबाई?" एकीने विचारलं.

वर्गात चढतो तसाच माझा आवाज चढला. "बरोबर बारा वाजलेत! बघा!"

एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, "इथं सव्वाबारा झाले, बाई. नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं राहते. सीमेवर सांगितलं होतं न बसवाल्यानं."

माझे कान तापले. आई मात्र प्रत्येक सीटपाशी थांबून हात जोडत मागे गेली. "पोरीचं चुकलं. माफ करजा." मी खिडकीकडे तोंड करून बसले.

कुशीनगरला पोचलो तेव्हा बुद्धमंदिराच्या फाटकाला दहाच मिनिटांपूर्वी कुलूप लागलं होतं. चौकीदार ऐकेना, आणि बसला थांबता येणार नव्हतं. बायांपैकी एक तर दुखरे गुडघे घेऊन एवढ्यासाठीच आली होती. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी भिंतीलगत शाली अंथरल्या आणि तिथेच वंदना सुरू केली. मी मागे उभी राहिले. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईने वळूनही न पाहता शालीवर हात आपटला.

"उभी कायले? बस इथं. अन् मोठ्यानं म्हण."

मी बसले, वंदना म्हटली. आई दुसऱ्या टोकाला बसली होती. आमगाव येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.