दुधावरचं झाकण

तालमीत फोन वाजला आणि नाटकातला माझा नवरा अपघातात गेल्याचं मला कळलं. मी फोन ठेवला, ओटा म्हणून मांडलेल्या बाकाशी जाऊन गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं. मग तिथेच उभी राहिले.

"खोटं वाटतंय, ताई," दिग्दर्शक म्हणाला. "जरा नैसर्गिक करा." आणि त्याने स्वतः करून दाखवलं. आधी हात भिंतीला लावला, मग पाठ टेकली, मग भिंतीवरून घसरत तो हळूहळू खाली बसला.

त्याला काय सांगणार? माझा नवरा खरोखर गेला, त्या सकाळी मी हेच केलं होतं. बातमी कानात शिरते, पण हातांना ती कळायला वेळ लागतो. ते आपलं हातातलं काम पुरं करत राहतात. पण हे बघायला कोण तिकीट काढून येणार? लोक दुःख नाटकात बघून शिकतात आणि मग घरोघरी तेच शोधत फिरतात.

मी घसरायला शिकले. भिंतीचा चुना ब्लाउजला लागेपर्यंत शिकले.

प्रयोगाला माझी थोरली जाऊ आली होती. नवरा गेला तेव्हा घरी सगळ्यांत आधी तीच पोचली होती. पडदा पडल्यावर ती आत आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले होते.

"किती खरं केलंस गं," ती म्हणाली. "तेव्हा मात्र एक टिपूस काढलं नव्हतंस."