एलीदेची भरलेली टाकी

एलीदेला हट्टी म्हणणारे आमच्या टेकडीवर ढिगाने भेटतील, आणि त्यांत सर्वांत पुढे तिचा सख्खा थोरला भाऊ, नाझारेनो. बापाने द्राक्षमळ्याच्या दोन वाटण्या केल्या, मधे तुतीची रांग. पलीकडे भावाचा मळा, तणनाशक मारून अंगणासारखा स्वच्छ. अलीकडे एलीदेचा. वेलींमधून गुडघाभर गवत आणि हिवाळ्याआधी पेरलेला शेंगांचा बाकला. बाकला फुलला की ती कापून तिथेच गाडायची. तेच तिचं खत.

"काय गं, द्राक्षं पिकवतेस की गवत?" नाझारेनो तुतीखालून ओरडायचा.

"दोन्ही! तुझ्या मातीत एक गांडूळ तरी उरलंय का रे?"

तीन वर्षं तिने रासायनिक औषधाचा थेंब मळ्यात येऊ दिला नव्हता. तेवढी वर्षं पाळल्याशिवाय वाइनला जैविक म्हणता येत नाही, आणि यंदाच्या तोडणीला ती पुरी होत होती. पण नशीब मेलं असं, की वसंतभर पावसाने पिच्छा सोडला नाही. डावणी रोगाने घड वाळायला लागले. तिला चालणार होतं ते फक्त मोरचूद, चुना आणि गंधक, तेही बेताने.

"माझं औषध एकदाच मार. कोण बघतंय?" भाऊ म्हणाला.

"मी बघतेय ना," ती म्हणाली. आणि तिने अर्धं पीक डोळ्यांदेखत जाऊ दिलं.

तोडणीला सगळं गणगोत आलं. वरच्या रांगांची द्राक्षं पहिल्या दिवशीच छोट्या पिपात गेली. दुसऱ्या दिवशी बाकीची मोठ्या टाकीत पडली, तरी टाकी अर्धीच. दुपारी अंगणात सगळे जेवायला बसले, तर नाझारेनोचा पत्ता नाही. एलीदे त्याच्यासाठी खिम्याच्या थरांची गरम विंचिसग्रासी ताटात घेऊन तळघरात गेली.

तो टाकीपाशी उभा होता. हात कोपरापर्यंत लाल, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बघ! भरली की नाही?"

टाकी काठोकाठ भरली होती. बाहेर त्याची ट्रॉली रिकामी.

"दादा... तू तुझी द्राक्षं ओतलीस?"

"मग! बहिणीची टाकी अर्धी बघत बसू? आपल्यात तोडणीला कुणी रिकाम्या हाताने येतं का?"

एलीदेने ताट खाली ठेवलं आणि पायरीवरच बसली. "अरे देवा! त्यापेक्षा डोक्यात फावडं घातलं असतंस तर परवडलं असतं."

"म्हणजे माझी द्राक्षं विषारी?"

"तुझी द्राक्षं चांगली आहेत रे. पण ती माझी नाहीत. ही टाकी आता जैविक राहिली नाही."

"कुणाला कळणार? मी तोंड उघडणार नाही."

"आणि मी रोज कुठल्या तोंडाने त्या बाकल्यात उभी राहू?"

तो ताटाला हात न लावता निघून गेला. एलीदे तिथेच रडली, पोटभर. मग उठली आणि टाकीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: साधी लाल. जैविकचा दाखला देणाऱ्या तपासनीस बाई आल्या तेव्हा विचारायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं. मोठ्या टाकीतली वाइन सुटी विकली गेली. जैविक म्हणून उरलं ते फक्त छोटं पीप. गाव हसलं. "तीन वर्षं राबली आणि पदरात काय, एक पीप!"

त्या पिपातल्या बाटल्यांवर जैविकचं हिरव्या पानाचं चिन्ह चिकटवताना मात्र तिची मान अशी ताठ होती, जशी लग्नातही नव्हती. पहिली बाटली तिने भावाच्या दारात ठेवली. दार उघडलं नाही. हिवाळाभर तो तुतीखालून ओरडलासुद्धा नाही, आणि तिला ते फार लागलं.

पुढच्या शरदात तोडणी उरकल्यावर एका सकाळी तो रांगेपाशी येऊन उभा राहिला. हातात ती बाटली, रिकामी.

"संपली," तो म्हणाला. मग खाकरला. "बाकल्याचं बी आहे का शिल्लक?"

"का रे? द्राक्षं पिकवणार की गवत?"

"दे गं बये, मुकाट्याने," तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून त्याने तिच्यापुढे धरली.