साहेबाचा फटका आणि बोंबलांचं खळं

"ए बधा काढून टाका," शेठजी म्हणाले आणि छत्रीचं टोक त्यांनी वाळूवरच्या बोंबलांकडे रोखलं. "साहेबचा बॉल हितेच येणार."

येणार होता, यात शंका नव्हती.

ही एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. शेठजी मुंबईचे इमारती लाकडाचे गुजराती व्यापारी. मांडव्याच्या दक्षिणेला समुद्रालगतची एक लांबट पट्टी त्यांनी विकत घेतली, उत्तर टोकाला बंगला बांधला आणि आता तिथे त्यांना गोल्फचं मैदान हवं होतं. शेठजींनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. पण ज्या साहेबाच्या सहीशिवाय सरकारी खात्यात त्यांचं लाकूड जात नसे, तो साहेब गोल्फवेडा होता. त्यामुळे शेठजींनाही या खेळाची अचानक गोडी लागली होती. मी ओव्हरसियर. मुंबईतल्या एका क्लबाच्या मैदानावर मी पावसाळी पाण्याची गटारं खणून घेतली होती. शेठजींच्या मते मैदान आखायला एवढा अनुभव पुष्कळ होता.

ज्यांना गोल्फ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक टणक चेंडू काठीने मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा. त्या भोकाला होल म्हणतात. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला. वाटेत मुद्दाम वाळूचे खड्डे करून ठेवतात, ते बंकर. आपल्या हौसेने खड्डे खणून घ्यायचे आणि त्यात पडलो की चिडायचं, असा हा राजेशाही खेळ आहे.

साहेबाचा फटका मी मुंबईत पाहिला होता. चेंडू सरळ निघे आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळून पसार होई. याला स्लाइस म्हणतात. खरं तर हा दोष, पण साहेबाचा असल्यामुळे सगळे त्याला शैली म्हणत.

शेठजींच्या मनात खेळ बंगल्यापासून सुरू होऊन दक्षिणेकडे जाणार होता. म्हणजे समुद्र उजव्या हाताला. आणि समुद्राच्या अलीकडे कोळणींचं मासळी सुकवायचं खळं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकलेले. साहेबाची सगळी शैली थेट बोंबलांत जाऊन पडणार होती.

खळ्यावरच्या बायकांत भागीबाईचा शब्द चाले. मी टेप घेऊन गेलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, तुमचा चेंडू उन्हात सुकवावा लागतो काय?"

"नाही."

"आमचा बोंबील लागतो. मंग तुमी सरका की तिकरं."

"शेठजींनी जमीन विकत घेतली आहे, भागीबाय. तुमच्याकडे कागद आहे का?"

"माज्या सासूची सासू हितंच बोंबील घाली. तिला कुनी कागद इचारला न्हाय." मग तिचा आवाज खाली आला. "मागं भरतीचं पानी, म्होरं भातखाचरं. खळा उठला तर समदी मासली कुजंल. पावसाल्यात पोरांना काय घालू?"

तिचं म्हणणं मला पटलं होतं, पण नोकरीही हवी होती. या दोन गोष्टी एकदम जमत नाहीत, असा तोवरचा माझा अनुभव होता.

टेप गुंडाळता गुंडाळता एक साधी गोष्ट लक्षात आली. माणसाने तोंड फिरवलं की त्याची उजवी बाजूही फिरते. दक्षिणेकडून बंगल्याकडे खेळलं तर समुद्र डावीकडे येतो आणि उजवीकडे भातखाचरांपर्यंत नुसती मोकळी जमीन. शैली तिकडे खुशाल जाऊ दे.

शेठजींना मी बोंबलांचं नाव न काढता पटवलं. "खेळ बंगल्यापाशी संपेल. शेवटचा होल आणि व्हिस्कीची बाटली यांत फक्त व्हरांड्याची पायरी."

"पण साहेब त्या दूरच्या टोकला जाणार कसा?"

"दमणीतून. बैलांना झूल घालू."

झूल म्हटल्यावर शेठजी विरघळले. "साहेबने मजा आववी जोईए," साहेबाला मजा आली पाहिजे, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बंकर मात्र त्यांना पुष्कळ हवे होते. विलायती मासिकातल्या चित्रात त्यांनी ते पाहिले होते. मी सगळे बंकर डाव्या बाजूला खणले. दिसायला भयंकर, पण साहेबाचा चेंडू तिकडे कधी फिरकणार नाही. खेळणाऱ्याला भीती वाटली पाहिजे आणि इजा होता कामा नये, यालाच मजा म्हणतात. सहा होल तयार झाले. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

उद्घाटनाच्या आठवड्यात साहेबाची बदली झाली.

नवा साहेब लाँचमधून मांडव्याला उतरला, झूल घातलेल्या बैलांमागे बसून दक्षिण टोकाला पोहोचला आणि काठी घेऊन चेंडूच्या उलट्या बाजूला उभा राहिला. डावखुरा! स्लाइस यालाही होती. फक्त याची शैली डावीकडे जात होती.

पहिला चेंडू बंकरमध्ये. दुसरा त्याच्या पुढच्या बंकरमध्ये. वाळूत काठी आपटून साहेब लालबुंद झाला. शेठजी माझ्याकडे बघत होते आणि मी बैलांकडे. तिसरा चेंडू बंकरवरून उडाला आणि बोंबलांच्या दोऱ्यांखाली जाऊन पडला. साहेब काठी परजत खळ्यात शिरला. पलीकडे भागीबाई हातात कोयता घेऊन उभी. काठी एकदा फिरली असती तर दोऱ्या, बांबू, पावसाळ्याचं अन्न, सगळं आडवं झालं असतं.

"इथला नियम काय?" साहेबाने इंग्रजीत विचारलं.

"इथून मारायचं नाही, सर," मी म्हणालो. "चेंडू उचलायचा आणि बाहेर मोकळ्यावर टाकायचा. दंड नाही. स्थानिक नियम आहे." नियमाचं वय तेव्हा एका श्वासाएवढं होतं.

"दंड नाही? एकही फटका वाढत नाही?"

"नाही, सर."

साहेबाने चेंडू उचलला. हिरवळीवर टाकला. तिथून पुढे काही अडचणच नव्हती. पुढच्या होलपासून तो बंकर टाळण्यासाठी सरळ बोंबलांवर नेम धरू लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा नेमक्या जागी मारू लागला. सोबत आलेल्या दोस्ताचा त्याने सपशेल पराभव केला. दोस्त बिचारा सरळ मारणारा होता. त्याला बोंबलांचा काहीच उपयोग झाला नाही.

व्हरांड्यात शेठजी नाकाला रुमाल लावून पुढे आले. मोडक्या इंग्रजीत त्यांनी वासाबद्दल क्षमा मागितली आणि येत्या रविवारच्या आत ही सगळी घाण उचलून साफ करतो, असं वचन दिलं.

साहेबाने ग्लास खाली ठेवला. "तिथल्या एका बांबूला हात लावायचा नाही. मग मी चेंडू मारू कुठे?"

शेठजींनी रुमाल खिशात घातला. "ए तो मी पण हेच कहेतो होतो," ते मला म्हणाले.

मी जवळजवळ पळतच खळ्यावर गेलो आणि भागीबाईला सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हंजे सायबाला धड खेलता येत न्हाय म्हनून आमचा खळा ऱ्हायला?"

"व्हय."

"मंग देव करो नि त्याला कदी न येवो."

देवाने तिचं ऐकलं. साहेबाचा खेळ शेवटपर्यंत सुधारला नाही. तो बदलून गेला तोवर माझा नियम इंग्रजीत फळ्यावर रंगवून व्हरांड्यात टांगला गेला होता आणि तो विलायतेहून आला आहे, असं शेठजी पाहुण्यांना सांगत होते. सासूच्या सासूपासूनच्या वहिवाटीला जे जमलं नव्हतं, ते त्या फळ्याने केलं. खळ्याला पुन्हा कोणी हात लावला नाही.

पुढे मला आणखी दोन-तीन मैदानं आखायला मिळाली. गिऱ्हाईक जमीन दाखवायला निघालं की मी म्हणायचो, जमीन कुठे पळून जात नाही. आधी साहेबाला एक चेंडू मारायला सांगा.