सहाव्या भांड्यातला ढग

आमच्या प्रयोगशाळेतले खलकाका टूथपेस्टची नळी उभी चिरून आतून पुसून घेतात. वाया घालवणं त्यांना जमतच नाही. तीस वर्षं हातात खल-बत्ता, म्हणून हे नाव.

औषध होतं फुप्फुसातल्या बुरशीवरचं. गुणाला सोनं, पण पाण्यात विरघळायच्या नावाने शंख. रुग्णाच्या पोटात जायचं आणि आलं तसं निघून जायचं. काकांनी त्याला चटकन विरघळणाऱ्या एका आम्लाची जोड दिली, दोन थेंब अल्कोहोल टाकून तासभर घोटलं, आणि दोघांचा मिळून एक नवाच स्फटिक झाला. तो विरघळायचा. पण विरघळलेलं औषध कधी कधी मन बदलायचं, पुन्हा कण बनून पाणी गढूळ करायचं.

आज शेवटची चाचणी. सहा काचेची भांडी, अंगाइतकं कोमट पाणी, प्रत्येकात फिरतं पातं आणि मोजून टाकलेली पूड. अर्धा तास सगळं नितळ राहायला हवं.

"एक जरी गढुळलं, तरी काम बंद," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं. "चारला वर कळवायचंय."

"बारा मिनिटं," मी घड्याळ बघून म्हणालो.

"हळू बोला हो. घाबरतं ते," काका कुजबुजले.

"कोण?"

"औषध!"

अठराव्या मिनिटाला सहाव्या भांड्यात दुधाचा थेंब पडावा तसा ढग उठला. मॅडम फोनवर, पाठमोऱ्या. मी काकांच्या कानाशी लागलो, "भांडं नीट धुतलं नव्हतं म्हणा. पाच तरी वाचतील."

"माझ्या हातचं भांडं घाण? जीभ आवरा!" आणि मोठ्याने, "मॅडम, सहावं गेलं."

मॅडम वळल्या. भांड्याकडे बघत राहिल्या. "सहाव्याची पूड कुठली?"

काकांचा चेहरा उतरला. "चिमूटभर कमी पडत होती. खलाच्या कडेची खरवडून घेतली."

"कडेची? तिथे बत्ता पोचतो तरी का?"

पोचत नाही. तिथे जोडी जुळलेलीच नव्हती, औषध एकटंच होतं. त्याचा एक कण पुरे, विरघळलेलं सगळं त्याच्याभोवती गोळा होतं.

"दोन वर्षांची मेहनत, आणि तुम्ही खरवड वाचवलीत!"

"महाग आहे ना, मॅडम..."

"दीड वाजलाय. पुन्हा घोटा."

काका घोटायला बसले. तासाभराने मधली पूड काढून झाली, कडेची तेवढी राहिली. नळाखाली खल धरलेला हात अडला.

"मी पाठ फिरवू का?" मी विचारलं.

"फिरवा."

बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला.

पुन्हा सहा भांडी. अठरा मिनिटं. काकांनी बाकाची कड घट्ट धरली. पंचवीस. मॅडमनी फोन पालथा ठेवला.

"तीस," मी म्हणालो.

मॅडमनी सहावं भांडं उजेडाकडे धरलं. पलीकडून त्यांचं नाक स्वच्छ दिसलं. काका धपकन स्टुलावर बसले.

"मॅडम," थोड्या वेळाने ते म्हणाले, "एवढं नितळ पाणी... टाकूनच द्यायचं का?"