दुरुस्तीची चिठ्ठी

देवरे सरांनी माझा लेथचा सौदा मोडला, हे मी अजून विसरलेलो नाही. सातपूरला माझा जुन्या मशिनींचा धंदा. एका बंद कारखान्यातून रशियन लेथ उचलला होता. त्याच्यासोबतची रशियन नोंदवही कुणालाच वाचता येईना. सर विद्यापीठात रशियाचा आधुनिक इतिहास शिकवत आणि सुटीत नाशिकला घरी येत. त्यांना बोलावलं. गिऱ्हाइकासमोर त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचलं, “मुख्य दांडा दोनदा मोडला. जोडून चालवला आहे.” गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठलं.

“एवढी एक ओळ गाळली असती, तर कोण मेलं असतं?” मी ओरडलो.

“गाळलीय मी एकदा,” सर म्हणाले. “त्या ओळीत मेलेलीच माणसं होती.”

मग उलगडा झाला. पूर्वी सरकारने धान्य जप्त केल्याने तिकडे रशियात शेतकरी उपाशी मेले, ते सरांनी पुस्तकात ‘अफवा’ म्हणून उडवलं होतं. तरुणपणी तिथल्या सरकारी कागदांवर भरवसा ठेवला. सोव्हिएत राज्य गेलं, दप्तरं उघडली, आणि गावोगावच्या मृतांच्या याद्या सरांना वाचाव्या लागल्या. आता ‘माझं पुस्तक अभ्यासक्रमातून काढा’ असं पत्र ते विद्यापीठाला देणार होते. पंधरा दिवसांवर प्रोफेसरपदाची मुलाखत, आणि पदरात तेवढंच पुस्तक!

“मुलाखत होऊ द्या, मग द्या ना पत्र!”

“मध्ये परीक्षा आहे, शेठ. पोरं तेच खोटं लिहून पास होतील.”

पत्र गेलं. मुलाखतीत विचारलं, “पुस्तकच चूक, तर पद कशावर द्यायचं?” सर प्रोफेसर न होता, खालच्या रीडरच्या पदावरूनच निवृत्त झाले. पुस्तक मात्र निघालं नाही; पत्र कुठल्याशा फायलीत पडून राहिलं.

नंतर सर एसटीने कॉलेजं पालथी घालत, प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवत. नांदगावकडच्या एका कॉलेजात मी त्यांना गाडीने नेलं. ग्रंथपाल त्यांचाच विद्यार्थी.

“सर, मार्क जुन्या उत्तरालाच मिळतात. कशाला पोरांचं नुकसान?”

सरांनी चिठ्ठ्या पुढे केल्या; त्याने हात लावला नाही. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, घासाघीस केली. सात प्रती होत्या. तीनवर तोड निघाली. मी मोठ्या ऐटीत सरांकडे पाहिलं.

त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या लावल्या, तळव्याने दाबल्या. मग हळूच म्हणाले, “उरलेल्या चार कुणाच्या हाती लागतील हो?”

त्याच हिवाळ्यात सर गेले. त्या चार प्रती तिथेच, बिनचिठ्ठीच्या, कपाटात आहेत. तीनवर राजी मी झालो होतो, सर नव्हते.