डिकीतली तीन पार्सलं

ती केस आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. जुळ्या मनोऱ्यांवरच्या विमानहल्ल्यांना दोन वर्षं झाली होती. सनीव्हेलजवळच्या एका लहान शहरात मी डिटेक्टिव्ह होतो, ठाण्यातला एकमेव मराठी माणूस. कुणी सावळा माणूस पुलाचा फोटो काढताना दिसला तरी आमचा फोन वाजायचा.

ही खबर झेरॉक्सच्या दुकानातून आली. एक भारतीय म्हातारा युरोपातल्या एका राजधानीतल्या सरकारी कचेऱ्यांच्या टॉवरचे नकाशे मोठे करून घेत होता. जिन्यांवर आणि दारांवर लाल शाईने खुणा केलेल्या. त्याच्या गाडीच्या डिकीत त्याच शहराच्या पत्त्याची तीन सीलबंद पार्सलं सापडली, तेव्हा ठाण्यातून बॉम्बशोधक पथकाला फोन गेला.

तीन तास चौकशी चालली. निवृत्त इंजिनिअर, शांत माणूस. वकील नको म्हणाला. घरी फोन करू नका, एवढंच घोकत राहिला. असं म्हणणारा काहीतरी लपवत असतो, हा माझा अनुभव.

बॉम्बशोधक पथकाने पार्सलं उघडली. आत बेसनाचे लाडू, बुरशी आलेले. मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि मराठीत विचारलं, "काका, हे कोणासाठी?"

त्यांची मुलगी त्या टॉवरमध्ये नोकरीला होती. दीड महिन्यापूर्वी तिथे आग लागली आणि जिन्याचं दार कुलूपबंद होतं. इकडे काकूंची नुकतीच बायपास झालेली. म्हणून कॉन्फरन्सचं निमित्त सांगून काका एकटेच गेले आणि अंत्यसंस्कार करून आले. लेकीचा फोन का येत नाही असं काकूंनी विचारलं की ते कामाचं कारण सांगायचे. काकू लेकीसाठी लाडू वळत राहिल्या. पोस्टात टाकतो म्हणून काका डबे घेऊन निघायचे, पण ते टाकून द्यायला त्यांचा हात धजत नव्हता.

"डॉक्टरांनी हिला स्ट्रेस अव्हॉइड करायला सांगितलाय. ही रिकव्हर झाली की सांगणार होतो," काका म्हणाले. "नकाशात एवढंच बघतोय, पोरीला किती पावलं कमी पडली."

तिथल्या पोलिसांनी दुजोरा दिला. काकांना सोडलं. जप्त मालाची पावती नियमाप्रमाणे टपालाने घरी जाते. ती मी थांबवायला हवी होती. सही ठोकली आणि पुढची फाइल उघडली.

पावतीवर तीन पार्सलं आणि त्यांच्या पत्त्यातलं लेकीचं नाव. काकूंनी जाब विचारला, काकांना सांगावंच लागलं.

दोन दिवसांनी दोघं ठाण्यात आली. काकूंनी नकाशा मागितला. लेक कुठे सापडली, विचारलं. काकांनी एका दारावर बोट ठेवलं. काकू बराच वेळ तिथेच बघत राहिल्या.

"सांगितलं असतं, तर तिला शेवटचं बघितलं तरी असतं," त्या म्हणाल्या.

खरं शोधून काढलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर धरून चाललो होतो. ते कुणाच्या हाती आणि कसं पोचणार, हेही पाहायचं असतं. एका आईला लेक गेल्याचं माझ्या पावतीमुळे कळलं. मी नुसता उठून काकांबरोबर तिच्या घरी जाऊ शकलो असतो.